झाडाकडं फिरवलेले दिवे

मराठवाड्यात समुद्र नाही, पण पैठणच्या धरणाचं पाणी आहे. त्या पाण्याकाठी शहरातल्या लोकांनी बंगले बांधलेत आणि त्यांच्या बागांत दिवे लावायचं काम मी करते. नुसतं फिटिंग नव्हे, डिझाइन. आमच्या घराण्यात इंजिनिअरिंग कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी न विचारताही सांगते. धाकटा भाऊ दहावीला दोनदा बसला, मग फुलंब्रीत विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायला शिकला. आता माझ्याकडं वायरमन आहे. नकाशा माझा, खड्डे त्याचे.

पहिला बंगला एका निवृत्त डॉक्टरीणबाईंचा. त्यांना पसंत पडलं की शेजारचे चारही मिळणार होते. मी व्हरांड्यात खांबागणिक एक दिवा ठेवला, पांढराशुभ्र, मोजून सारख्या अंतरावर. वायर ओढताना भाऊ म्हणाला, "ताई, पाणी लई जवळ हाय. बसायच्या जागी एवढा उजेड नको."

"तू वायर ओढ," मी म्हणाले.

काम संपल्यावर बाईंनी शेजाऱ्यांना चहाला बोलावलं. दिवेलागणीला मी बटण दाबलं. पाच मिनिटं सगळे वा वा करत होते. मग पाण्यावरून उजेडाला बारीक पाखरं आली. चहात, चिवड्यात, एका काकूंच्या अंबाड्यात.

"अहो, पाखरांचं लग्न आहे का काय आज?" शेजारचे काका बशीवर रुमाल झाकत म्हणाले.

मी नुसती उभी. भावानं कुणाला न विचारता व्हरांड्यातले दिवे बंद केले. गाडीतून उरलेले तीन पिवळे दिवे काढले, वायर ओढत पार कुंपणाजवळच्या कडुनिंबापाशी गेला. तिथं उकिडवा बसून एकेक दिवा बॅटरीसारखा फांद्यांवर फिरवला, मान वाकडी करून बघितलं, मगच मातीत रोवला. बरीचशी पाखरं तिकडं गेली. अंधाऱ्या व्हरांड्यातून ते झाड असं दिसायला लागलं की चहाचे कप हातातच राहिले.

चार वेळा जागा मोजली होती मी. मला ते झाड का दिसलं नाही?

"हे कुणाच्या डोक्यातून निघालं?" बाईंनी विचारलं.

"ताईच्याच," हात झटकत भाऊ म्हणाला. "मीच आधी चुकीचं जोडलं व्हतं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी "हो" म्हणाले. परतताना हा गाडीत मजेत शिट्टी वाजवत होता. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी शेजारच्या काकांनी बाग बघायला बोलावलं. भावाला मी हर्सूलला पंख्यांच्या फुटकळ कामावर पाठवलं आणि एकटीच गेले.

"मॅडम, आमच्या बागेतलं कोणतं झाड धरायचं?" काकांनी विचारलं.

सात झाडं होती. सातही मला सारखीच दिसत होती. शेवटी पाण्याच्या टाकीमागं जाऊन मी भावाला फोन लावला.

"कुठं हायस?"

"पैठणला."

"आन् मला पंखे लावायला धाडलं व्हय? शिकलेली खरी तू!" मग हसला. "बरं, उभी हायस का? त्यांच्या खुर्चीत बस आधी. चहा पिता पिता डोळा कुठं जातोय ते सांग."

मी जाऊन बसले. डोळा कोपऱ्यातल्या वाकड्या शेवग्यावर गेला. त्याला सांगितलं.

"मग त्योच. बुडाशी दोन लाव. पानांकडं नको, खोडाकडं तोंड कर."

त्या बागेच्या नकाशावर दोन नावं आहेत. दुसरं लिहिताना हात जड झाला, खोटं कशाला बोलू. परवा काकांचाच फोन आला. "जरा तुमच्या भावाला द्या," म्हणाले. दिला. पण स्पीकरवर ठेवून.