घर कुणाच्या नावावर आहे?

अमक्याने नोकरी सोडून धंदा काढला, आता चांगलं चाललंय, असं कुणी सांगितलं की विलास सकपाळ एकच प्रश्न विचारायचे, "घर कुणाच्या नावावर आहे?" त्यात खोच नसायची. लिफ्ट बंद पडल्याचा फोन आला की 'कितव्या मजल्यावर अडकलीय?' असं ज्या आवाजात विचारायचे, त्याच आवाजात हेही. सांगणारा मात्र गडबडायचा. घर वडिलांचं निघायचं, नाहीतर बायको सरकारी नोकरीत असायची, नाहीतर सासऱ्यांचं दुकान असायचं. मग विलासभाऊ मान डोलवून म्हणायचे, "हिंमत असेलच की. पण हिंमतीलाही टेकायला भिंत लागते."

लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीच्या मीरा रोडच्या ऑफिसात मी तक्रारींचे फोन घ्यायचे आणि विलासभाऊ तिथे मेकॅनिक होते. मूळचे मंडणगडकडचे. भाईंदर पूर्वेला भाड्याच्या खोलीत राहायचे, बायको रंजनावहिनींसोबत. मूलबाळ नव्हतं. वॉचमनशी हिंदी, सोसायटीच्या सेक्रेटरीशी मोडकी गुजराती आणि माझ्याशी मराठी बोलत ते दिवसभर इमारतींच्या गच्च्या चढायचे-उतरायचे.

एकदा मी त्यांच्याबरोबर एका सोसायटीत गेले होते. दोन मजल्यांच्या मध्ये एक आजी अडकल्या होत्या आणि आतून रडत होत्या. विलासभाऊंनी जोडीदाराला वर मोटरकडे पाठवलं आणि स्वतः दाराशी जिन्याच्या पायरीवर बसून विचारलं, "आजी, आज भाजी कसली आणलीत?" आजी म्हणाल्या, तोंडली. मग तोंडली चिरायची उभी की गोल, यावर दाराच्या आतून-बाहेरून वाद सुरू झाला. लिफ्ट खाली आली तेव्हा आजी रडायचं विसरून भांडत होत्या. जाताना त्यांनी थोडी तोंडली विलासभाऊंच्या हातावर ठेवली.

धंद्याचं स्वप्न आमचं दोघांचं होतं. डबा खाताना आम्ही तेच बोलायचो. मीरा रोडच्या जुन्या इमारतींमधल्या लिफ्टकडे मोठ्या कंपन्या नीट बघत नाहीत, तर आपण बघायचं. काम विलासभाऊंचं, फोन आणि सोसायट्या माझ्या. सिल्व्हर पार्कच्या मागे एक गाळाही त्यांनी हेरून ठेवला होता. पाटीवर निळ्या रंगात कोणती अक्षरं लिहायची, हे त्यांनी मला हवेत बोटाने काढून दाखवलं होतं.

त्याच वर्षी रंजनावहिनींच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं. डायलिसिस सुरू झालं. कंपनीचा मेडिक्लेम होता, त्यात बायकोचा सगळा खर्च बसत होता. एकट्याने पॉलिसी काढायची म्हटली, तर असा आजार असलेल्या माणसाला कुणी दारात उभं करत नव्हतं. म्हणजे नोकरी होती तोवर उपचार होते.

विलासभाऊंनी मला चहाच्या टपरीवर नेऊन सांगितलं की धंदा मी एकटीने काढावा. मी नाही म्हटलं. त्यांच्याशिवाय मला जमणार नव्हतं, आणि ते मागे राहणार असताना पुढे जायची लाजही वाटत होती. त्यांनी ती लाज ओळखली.

"ताई, तुमचं घर सासऱ्यांच्या नावावर आहे, दाजी बँकेत आहेत. आपटलात तरी संध्याकाळी घरात भात शिजेल. यात लाजायचं काय? लिफ्टच्या खाली खड्ड्यात स्प्रिंग बसवलेली असते, ती काय चोरीची असते? ज्याच्या खाली ती आहे, त्याने वर जायलाच पाहिजे."

मी राजीनामा दिला. पहिल्या वर्षी खरंच आपटायची वेळ आली होती. एका मोठ्या सोसायटीने काम काढून घेतलं आणि बरेच दिवस मी नवऱ्याच्या पगारावर गाळा चालवला. तेव्हा विलासभाऊंच्या प्रश्नाचा अर्थ मला नीट कळला. मी शूर नव्हते. मला पडायला जागा होती.

विलासभाऊ मात्र आता सगळ्यांना सांगू लागले की त्यांना धंद्याचं डोकं नाही. वहिनी समोर असल्या की जरा जास्तच मोठ्याने. "आपलं बरंय हो. पगार घ्यायचा, घरी यायचं. ती कटकट कुणी सांगितलीय?" असं म्हणून ते हसायचे, आणि मी खाली बघायचे.

कंपनीच्या मालकांच्या भाच्याने त्या सुमारास आधी कॅफे काढून बुडवला, मग जिम बुडवली, आणि तिसऱ्या धंद्यात जम बसवला. कंपनीच्या कार्यक्रमात त्याचा सत्कार झाला. त्याने भाषणात सांगितलं की लोक रिस्क घ्यायला घाबरतात म्हणून मागे राहतात. मलाही आमंत्रण होतं. विलासभाऊंनी मनापासून टाळ्या वाजवल्या. बाहेर पडल्यावर म्हणाले, "गल्लीत ज्याची बॅट असायची ना, तो तीनदा आऊट झाला तरी खेळायचा. आणि तीनदा आऊट झाल्यावर माणूस खेळायला शिकतोच. पोरगा वाईट नाही, ताई."

वहिनींच्या सोबतीला मी अधूनमधून डायलिसिसला जाऊन बसायचे. बारीक अंगाच्या, मिश्कील बाई. रविवारी बरं वाटलं की दोघं बसने भाईंदरजवळच्या डोंगरी गावाला जायची. तिथे एखादं बैठं घर भाड्याने घ्यावं असं वहिनींच्या मनात होतं. म्हणायच्या, "तिथं लिफ्टच नाय, म्हणजे ह्यांना कोण बोलवणार नाय." एक दिवस हाताला नळ्या लावलेल्या असताना त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "हे सांगतात ना, मला धंद्याचं डोकं नाही म्हणून? झोपेत सोसायटीच्या मीटिंगा घेतात हे. सेक्रेटरीला समजावत असतात. मी जागी राहून ऐकते."

मी विचारलं, त्यांना सांगितलंत का कधी?

"कशाला? त्यांना वाटतंय मला कळत नाय. त्यांचं तेवढं तरी राहू दे."

असं ते दोघं एकमेकांना सांभाळत राहिले, आणि तसंच चाललं असतं. पण कंपनी दुसऱ्या कुणीतरी विकत घेतली. नव्या लोकांनी मेकॅनिकांना बोलावून सांगितलं की यापुढे सगळे ठेकेदाराकडे असतील. काम तेच, गणवेशही तोच. मेडिक्लेम मात्र महिनाअखेरीला संपणार होता.

विलासभाऊ दुसऱ्या दिवशी माझ्या गाळ्यात आले. इतक्या वर्षांत ते कधी तिथे बसले नव्हते, उभ्यानेच बोलून जायचे. त्या दिवशी बसले. त्यांनी विचारलं, "ताई, तुमच्याकडे मेडिक्लेम आहे का?"

नव्हता. आमची माणसं थोडी. इतक्या थोड्या माणसांसाठी जुना आजार धरून पॉलिसी द्यायला कुणी तयार नव्हतं. मी दोन दिवस फोन करत राहिले. सगळ्यांनी गोड आवाजात नाही म्हटलं. ज्या नोकरीसाठी विलासभाऊंनी सगळं सोडलं होतं, तिने त्यांना सोडलं होतं. ते माझ्याकडे कामाला लागले आणि वहिनींचं डायलिसिस एका ट्रस्टच्या सेंटरमध्ये सुरू झालं. तिथली माणसं चांगली होती. डायलिसिस स्वस्त होतं, पण रक्त वाढवायची इंजेक्शनं आपली आपण आणायची होती.

मी माणसं वाढवायच्या मागे लागले. माणसं वाढली की पॉलिसी मिळेल, असं एका एजंटाने सांगितलं होतं. त्यासाठी ऐपत नसताना नवं काम अंगावर घेतलं. विलासभाऊंना ते दिसत होतं. एकदा फक्त म्हणाले, "सांभाळून हां, ताई."

पावसाळ्यात वहिनींना ताप आला आणि अंगात त्राणच नसल्यामुळे त्या त्यातून उठल्या नाहीत. शेवटी नर्सने सांगितलं की बरेच दिवस त्या इंजेक्शन घेतच नव्हत्या. 'आज नको' म्हणायच्या आणि घरी जाऊन नवऱ्याला, घेतलं म्हणून सांगायच्या. इंजेक्शनचे पैसे त्यांच्या उशीखाली सापडले. विलासभाऊंनी ते हातात घेतले आणि कितीतरी वेळ कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना.

वहिनींच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला गावाकडचे एक काका सांत्वन करायला म्हणून बोलून गेले, "आता तू मोकळा झालास, विलास. काढ तुझा धंदा." विलासभाऊंनी त्यांच्या ताटात भात वाढला आणि पुढे गेले.

काही महिन्यांनी मी त्यांना गाळ्यात बसवून सांगितलं की हा धंदा तुमचाही आहे, अर्धा तुमच्या नावावर करूया. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ताई, आता पडलो तर मी एकटा पडणार. कुणाला लागणार नाही. ज्याच्याकडे गमवायला काही राहिलं नाही, त्याने डाव लावला तर त्याला हिंमत म्हणत नाहीत हो. मला ती असताना लावायचा होता. ती दारात उभी राहून बघत असताना."

मी पुन्हा तो विषय काढला नाही. ते पगारावरच राहिले. गेल्या वर्षी गुडघे ऐकेनात म्हणून ते गावी गेले, कायमचे. तिकडे फोन लागत नाही, लागला तर 'बरंय, ताई' एवढंच ऐकू येतं.

पण विलासभाऊ म्हटलं की मला आठवते ती त्यांच्या जाण्याआधीची एक दुपार. आमची माणसं अखेर पुरेशी झाली होती आणि पॉलिसी मंजूर झाली होती. एजंट गाळ्यात खुर्ची टाकून एकेकाला घरच्यांची नावं विचारत होता. चहा आला होता, सगळे खुशीत होते. विलासभाऊंची पाळी आली.

"मिसेसचं नाव?"

"रंजना," ते म्हणाले.

"वय?"

त्यांनी वय सांगितलं. वहिनी गेल्या तेव्हाचं होतं ते. एजंट लिहीत राहिला. बाकी सगळे गप्प झाले, तेव्हा कुठे विलासभाऊंच्या लक्षात आलं. ते म्हणाले, "ते नाव काढून टाका, साहेब."

एजंट नवा होता. त्याला वाटलं, आजारपण लपवायचं असेल. तो समजावून सांगू लागला, "राहू द्या ना, काका. काही आजार असला तरी चालतो आता. किडनीसुद्धा. पहिल्या दिवसापासून सगळं मिळतं."

विलासभाऊंनी मान डोलावली. "चांगलं आहे," म्हणाले, आणि हत्यारांची पिशवी उचलून कामावर गेले.