भरल्या पोटाची भीती

लातूरला काउन्सेलर मॅडमच्या दवाखान्यात ती मला दर गुरुवारी दिसायची. पन्नाशी ओलांडलेली, डोक्यावर पदर. डबा उघडायची, पण बसायची नाही. एक पाय दाराबाहेर ठेवून उभ्यानंच भाकरी खायची. चार घास झाले की येरझाऱ्या सुरू. त्या चपलांच्या आवाजानं माझं डोकं उठायचं. मी मुखेडची, इथं हॉस्टेलवर राहून डॉक्टर व्हायचा अभ्यास करणारी, आणि खाल्लेलं सगळं बाथरूममध्ये जाऊन ओकून टाकणारी. मला कुणाचंच खाणं बघवत नव्हतं.

एकदा न राहवून विचारलंच, "मावशी, बसून का जेवत नाही?"

"भूकंपाच्या रात्री पोटभर जेवून निजलो, अन् घर पडलं. तवापासून पोट भरलं की जीव घाबरतोय, बाई. मॅडम म्हणत्यात, पळू नको. भिंतीला हात लाव, पाय जमिनीवर दाब, भीती उतरंस्तोवर थांब."

पोट भरलं की मीही पळतच होते.

तिनं अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. खा खा म्हणाली नाही. मी खाल्ली. मग नेहमीसारखी बाथरूमकडे धाव घ्यावीशी वाटली. ती पहिल्यांदाच बाकावर टेकली, माझ्या शेजारी, आणि तिनं भिंतीला तळहात लावला. मीही लावला. माझे डोळे बाथरूमच्या दारावर, तिचे बाहेरच्या.

"तू उठू नगंस," ती म्हणाली, "म्हंजे मी बी उठत न्हाई."