रांगोळीच्या दोन गाड्या

माझ्या मुलाला जुन्या गाड्यांचं वेड आहे. त्याच्या दोन गाड्या ठेवायला आणि दुरुस्त करायला अंगणात गॅरेज हवं होतं, आणि त्यासाठी माझा ओटा तोडायचा होता. मी साफ नाही म्हटलं. मग त्याने हिंगण्याहून एक मेकॅनिक आणला.

तो म्हणाला, "आजी, जराशी रांगोळी द्या."

"काहून? सण आहे काय गा?"

त्याने अंगणात रांगोळीने खऱ्या मापाच्या दोन गाड्या शेजारी-शेजारी काढल्या, एकीचं तोंड घराकडे, दुसरीचं फाटकाकडे, मधले दरवाजे उघडे. "दोन्ही गाड्यांचे चालवणाऱ्याचे दरवाजे मधातच उघडतात. उतराले अन् काम कराले तेच एक जागा, दुसरी लागत नाही. ओटा काहून तोडता?"

मुलगा इंजिनिअरने काढलेला गॅरेजचा नकाशा बघत राहिला. "इंजिनिअरले हे सुचलं नाही."

"कागदावरच्या गाडीतून कोणी उतरत नाही ना, साहेब."

मी चहा दिला. नाव काही विचारलं नाही. चहा पिऊन तो निघाला, तो त्या दोन गाड्यांच्या मधून, रांगोळीच्या उघड्या दरवाज्यांना धक्का लागू नये म्हणून अंग चोरून. ते पाहून मी मुलाला म्हटलं, "बांध तुहं गॅरेज."