पिवळ्या दोऱ्याचा बैल

मी चौथीपर्यंत शिकलो, पण बैल मला वाचता येतो. महागावच्या बाजारात जोडी घ्यायची असली की गावातली माणसं आधी माझ्या दारात यायची. "आबाजी, चला, नजर मारा." मी नाही म्हटलं की सौदा मोडलाच.

मागच्या उन्हाळ्यात यवतमाळहून जनावरांचा डॉक्टर आला. पोरगेलाच. बैलांच्या ताकदीची नवी भुकटी खरंच लागू पडते का, ते त्याला पाहायचं होतं. माझ्या एका बैलाच्या शिंगाला त्यानं पिवळा दोरा बांधला, दुसऱ्याच्या निळा. पुड्याही तशाच दोन रंगांच्या. एका रंगात औषध, दुसऱ्यात नुसता कोंडा. वास दोन्हींचा सारखाच.

"औषध कोनत्यात हाय?" मी विचारलं.

"मलाही माहीत नाही, आबाजी. मुद्दामच सांगितलं नाही मला."

"मंग तू डॉक्टर कायचा?"

तो हसला. "दोघांचा चारा एक, पाणी एक, काम एक. फरक फक्त पुडीचा. मग जे दिसेल ते औषधाचं. पण औषध कशात ते आधी कळलं की डोळा तेच पाहतो. माझा काय अन् तुमचा काय."

माझाही! माझ्याच अंगणात उभं राहून हे बोलला. ठरवलं, याला दाखवतोच.

बैलांना पुडी कालवून आंबोण बायको द्यायची, पाहायचं काम माझं. महिनाभरात मला कळलं. पिवळ्या दोऱ्याचा खुलत होता. कातडी तेल लावल्यासारखी, चालणं हलकं. निळा होता तसाच. शेजाऱ्याला आणून दाखवला. "हौ आबाजी, दिसून राह्यलं ना," तो म्हणाला. मग पारावर सगळ्यांना सांगून टाकलं.

डॉक्टर परत आला त्या दिवशी चार माणसं मीच जमवली. पिवळ्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "औषध याच्यात. आंधळ्यालेबी दिसंल."

बायको दारात तूर निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "कायचा पिवळा अन् कायचा निळा? म्या तं दोन्ही पुड्या एकाच घमेल्यात कालवून दोघायले सारक्या वाटून देल्ल्या. जोडी हाय ते. एकाले खाऊ घालाचं अन् दुसऱ्यानं पाह्यत राहाचं?"

आधी शेजारी हसला, मग सगळेच. डॉक्टर हसला नाही. दोरे सोडले, "तुमची जोडी आता तपासणीत धरता येणार नाही," एवढं बोलला अन् गेला. हसला असता तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

बायकोशी मी बोलणं टाकलं. तिला त्याचं काही नाही. "बैल तं चांगले हाय ना?" म्हणते.

आता पारावर गेलो की कुणीतरी बैलाकडे बोट दाखवतो, "आबाजी, हा कोनत्या दोऱ्याचा?" सगळ्यात मोठ्यानं तो शेजारीच हसतो, ज्याला तेव्हा दिसून राह्यलं होतं.

गेल्या बाजाराला तो मला न विचारता गेला. जोडी घेतली, अन् माझ्या दारावरूनच नेली. उजवा बैल मागचा पाय ओढत होता. एरवी मी ओट्यावरूनच ओरडलो असतो. तोंड उघडलंही. मग मनात आलं, खरंच ओढतो, की हा फसावा असं मला वाटतं म्हणून तसा दिसतो?

जोडी वळणाआड गेली. मी तसाच बसून राहिलो.