मला न मिळालेली गाडी

“पायाले विचारा, सेठ,” असं म्हणत सौसरचा तो मिस्त्री गिऱ्हाइकाच्या गुडघ्यावर पान्ह्यानं हलकेच ठोकायचा. जुन्या मोटारसायकली विकणारा माणूस गिऱ्हाइकाचा खिसा बघतो. हा पाय बघायचा. असा दुकानदार तुम्ही कुठं पाहिलाय?

मी संत्र्याचे बगीचे हंगामापुरते ठेक्यानं घ्यायचो. बापानं काही ठेवलं नव्हतं. जे कमावलं ते भाव पाडून. एकदा मिस्त्रीकडे साडेतीनशे सीसीची गाडी आली. दोन सिलिंडर, दोन सायलेन्सर, सहा गिअर. इंजिन सगळं उघडं, कुठं पत्र्याचा आडोसा नाही. सुरू केली की छातीत धडकी भरायची, तरी हँडल सोडवायचं नाही.

मी भाव सांगितला. तो म्हणाला, “तुमच्या जुन्या गाडीले ब्रेक डाव्या पायाखाली, हिले उजव्या. पंधरा दिवस रोज इथं येऊन सराव करा. मंग देतो.”

“मी गाडी घेऊन राहिलो, शाळेत नाव नाई घालून राहिलो!”

“मंग चला रामाकोना गावापर्यंत. मी मागं बसतो.”

उतारावर गाडी सुटली. पुलाजवळ डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई रस्त्यात आली.

“सेठ, बाई आहे!”

मी जीव खाऊन डावा पाय दाबला. तो गिअर होता. गाडी थांबायची सोडून किंचाळली. मागून त्याचा हात माझ्या हातावर आला आणि त्यानं पुढचा ब्रेक आवळला. चाक बाईच्या लुगड्याला टेकून थांबलं. ती शिव्या देऊ लागली, तेव्हा कुठं माझा श्वास सुटला.

येताना गाडी त्यानंच चालवली. आठवड्याभरात ती पांढुर्ण्याच्या एका मास्तरला दिली, तीही माझ्याहून कमी भावात! लोकांना सांगितलं, “सेठचा भाव नाई जमला.” सगळा बाजार मला हसला. गाडी गेली ती गेली, वर नावही गेलं. पुढं कित्येक वर्षं त्याच्या दुकानासमोरून जाताना मी मान वळवत असे.

तो वारल्यावर भेटायला गेलो. त्याची बायको म्हणाली, “झोपेत ओरडत, भाऊ. ‘सेठ, बाई आहे!’ घामानं भिजून उठत. कोणती बाई, वाचली का मेली, शेवटपर्यंत बोलले नाई.”

मी हातातली कपबशी खाली ठेवली.

“वाचली,” मी म्हणालो.