पाठकोऱ्या कागदावरची तारीख

ज्याच्या तारखा लक्षात राहत नाहीत, त्याच्या हातात सात महिन्यांनंतरची तारीख ठेवून वर 'विसरू नका' म्हणणं तुम्हाला पटतं का?

मला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास, आहे का, हे ठरवणारी तपासणी सरकारी रुग्णालयात व्हायची होती. पदवीच्या परीक्षेत माझे पेपर दोनदा अर्धवट राहिलेले. जादा वेळ हवा तर कॉलेजला तिथलं प्रमाणपत्र हवं होतं. कोपरीतल्या आमच्या घरी कुणालाच न सांगता मी रुग्णालयात गेले.

बाकांवर सगळ्या आया आणि त्यांची मुलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमचा कितवीत आहे?"

"पेशंट मीच आहे."

"अगं बाई, एवढी मोठी?" त्यांनी मुलाला जवळ ओढलं. नंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

खिडकीवरच्या ताईंनी केसपेपरच्या कोपऱ्यात तारीख लिहिली. परीक्षेच्या महिनाभर आधीची. "डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात. कागद जपा."

आमच्या घरी पाठकोरा कागद दिसला की पप्पा त्यावर वस्तीच्या मागण्यांच्या पत्रकाचा मसुदा लिहितात. मी वाचायला शिकले तीच त्यांच्या पत्रकांवर. मी केसपेपर टेबलावर विसरले. वस्तीला पाणी कमी येतं, यावरचा मसुदा पप्पांनी पुढची बाजू न बघताच त्याच्या मागे लिहिला आणि कागद छापखान्यात देऊन टाकला. मसुदा जोरदार होता. मला तारीख आठवली, तेव्हा ती उलटून नऊ दिवस झाले होते.

"आता नवीन नंबर," रुग्णालयाच्या खिडकीवरच्या ताई म्हणाल्या. "परीक्षेनंतरचाच मिळेल."

"त्या दिवशी माझ्या जागी कुणाला घेतलं?"

"कुणाला घेणार? डॉक्टर तासभर रिकामे बसलेले."

मी बाहेर आले, तेव्हाही बाकांवर जागा नव्हती.

तिसऱ्यांदाही पेपर अर्धा राहिला. "कसा गेला गं?" पप्पांनी विचारलं. "बरा," मी म्हटलं. सगळ्या वस्तीचं गाऱ्हाणं ऐकणाऱ्या माणसाला माझं एक सांगायला मला तोंड उघडता आलं नाही.

आता सांगतेय. डॉक्टर वाढवा, ही मागणी आहेच. पण आदल्या दिवशी आठवणीचा एक फोन आणि रिकाम्या झालेल्या वेळेत पुढच्या पेशंटला बोलावणं, एवढं उद्यापासून होऊ शकतं. तुमच्या भागातल्या सरकारी रुग्णालयाच्या अधीक्षकांना या दोन गोष्टींसाठी अर्ज लिहा. स्वतः नेऊन द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.