खांडेनवमीला पूजलेला प्रिंटर

आमच्या भागात खांडेनवमीला पूजलेल्या अवजाराला दसऱ्याच्या संध्याकाळी बन्नीची, म्हणजे शमीची, पाने घरी येईपर्यंत हात लावत नाहीत. भालकी तालुक्यातल्या आमच्या घरी त्या वर्षी विळा आणि वडिलांची स्कूटर यांच्यासोबत आईने प्रिंटरचीही पूजा केली. त्यामुळे संशोधन-प्रवेश परीक्षेचे हॉल तिकीट मला दसऱ्याच्या संध्याकाळीच छापता येणार होते. परीक्षा दुसऱ्याच दिवशी गुलबर्ग्यात, बस पहाटेची, आणि झेरॉक्सची दुकाने सणामुळे बंद. छापील प्रतीशिवाय प्रवेश नव्हता. वर्ष वाया गेले असते.

बन्नी आली, मी कळ दाबली. कागद अर्ध्यात तिरका होऊन अडकला.

“कामून थांबलं गं?” आईने विचारले.

झाकण उघडून मोबाईलच्या उजेडात पाहिले. कागद ओढणाऱ्या रबरी रोलरला कुंकवाने लाल झालेले तांदूळ चिकटले होते.

“अक्षता गेल्यात आत.”

“मी म्हनलो होतो, एक फूल वाहा, पुरे,” वडील म्हणाले.

“तुमच्या स्कूटरवर दरसाल टाकते, ती कधी अडली न्हाई. हेच लई नाजूक!”

आईचा युक्तिवाद अगदीच निराधार नव्हता. पण स्कूटरचे काम सोपे आहे. प्रिंटरने गठ्ठ्यातून नेमका एकच कागद उचलायचा, तोही केवळ रबराच्या घर्षणाने. धूळ बसली की ती पकड सुटते, हवा दमट झाली की कागद एकमेकांना चिकटतात. शाई केसाहून बारीक छिद्रांत महिनोन् महिने ओली राहिली पाहिजे आणि कागदावर पडताच वाळली पाहिजे. इतक्या परस्परविरोधी अपेक्षा आपण एका स्वस्त यंत्राकडून करतो, वर त्याला गरजेपुरतेच जागे करतो. त्याचा राग करणे मला कधीच जमले नाही.

चिमट्याने दाणे काढले. कागद सरळ बाहेर आला, पण कोरा. उन्हाळ्यापासून कुणी काही छापले नव्हते. काळी शाई छिद्रांतच वाळली होती. सफाईचा आदेश पुन्हा पुन्हा दिला, व्यर्थ. आई देवघराकडे बघत उभी होती.

“मी तर तुझं भलंच मागायले होते गं,” ती हळूच म्हणाली.

“तुझ्यामुळं न्हाई आई, शाई वाळलीय.”

मग सुचले: फोटोचा कागद घातला आहे, असे यंत्राला सांगितले, तर ते काळी शाई सोडून रंगीत शायांच्या मिश्रणातून काळा रंग तयार करते. साधाच कागद घातला आणि तसे सांगितले. तिकीट आले. अक्षरे तपकिरी, माझा चेहरा हिरवट.

“कावीळ झाल्यावानी दिसायलीस,” वडील म्हणाले. आई हसली, पण मला हसू येईना.

सकाळी परीक्षाकेंद्राच्या दारात निरीक्षकांच्या यंत्राने तिकिटावरचा बारकोड वाचलाच नाही. त्यांनी कागद उजेडात धरला, माझ्याकडे पाहिले, पुन्हा फोटोकडे. कन्नडमध्ये विचारले, “हा कसला रंग?”

“घरचा प्रिंटर, सर.”

त्यांनी सुस्कारा सोडला. त्यांच्या घरचा तर गुलाबीशिवाय काही छापतच नाही, म्हणाले. मग बारकोडखालचे आकडे हाताने टाइप करून, यादीतला फोटो ताडून पाहत त्यांनी मला आत सोडले.